नवीन ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरसाठी: ब्रेन डेडच्या पहिल्या फोनपासून बॉडी ताब्यात देईपर्यंत

बऱ्याच मुलामुलींना हॉस्पिटलात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरची जागा निघालेली दिसते, ते अप्लाय करतात, सिलेक्ट होतात, आणि पहिल्या आठवड्यात हातात फायलींचा गठ्ठा आणि एक मोबाईल येतो, हा चोवीस तास चालू ठेवायचा म्हणून. नीट बसवून शिकवणारं कोणी नसतं. सीनियर असेल तर नशीब, नाहीतर पहिल्याच केसला तुम्ही आणि रडणारं कुटुंब समोरासमोर. म्हणून जे मला या कामात महत्त्वाचं वाटतं ते सगळं इथे लिहून ठेवते. मी मृत्यूनंतरच्या अवयवदानाबद्दलच लिहितेय, म्हणजे ब्रेन डेड झालेल्या, मेंदू कायमचा गेलेला पण मशीनवर हृदय चालू असलेल्या माणसाचं. जिवंत दात्याचं काम, म्हणजे आईने मुलाला किडनी देणं वगैरे, त्याची कमिटी, त्याचे फॉर्म, ते वेगळं प्रकरण आहे, त्याचा इथे घोळ घालत नाही.

आधी पात्रता, कारण इनबॉक्समध्ये हेच सगळ्यात जास्त विचारतात. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या 2014 च्या नियमांप्रमाणे कुठल्याही मान्यताप्राप्त वैद्यकीय शाखेची पदवी चालते, म्हणजे बीएएमएस बीएचएमएस वाले पण, नाहीतर नर्सिंग, नाहीतर कुठलीही पदवी आणि शक्यतो सोशल वर्क, समाजशास्त्र, पब्लिक हेल्थ असं काहीतरी मास्टर्स. मूळ कायदा 1994 चा, 2011 मध्ये दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून कोऑर्डिनेटर नसेल तर हॉस्पिटलला ट्रान्सप्लांटचं रजिस्ट्रेशनच मिळत नाही. म्हणजे तुमची पोस्ट शोभेची नाही हे मॅनेजमेंटला पण माहीत असतं, वेळ आली तर हे शांतपणे आठवण करून द्यायचं. ट्रेनिंग नोट्टो, म्हणजे अवयवदानाची राष्ट्रीय संस्था, घेतं, अवयवदानावर काम करणाऱ्या मोहन फाउंडेशनचे पण कोर्स असतात, जमेल ते करा, पण लागल्या लागल्या कायदा आणि नियम स्वतः वाचून काढा, कारण रात्री दोन वाजता एखादा पोलीस हवालदार नाहीतर एखादे डॉक्टरच तुम्हाला विचारणार आहेत की हे कुठे लिहिलंय.

रचना समजून घ्या. वर दिल्लीत नोट्टो, पश्चिम विभागाचं रोट्टो, म्हणजे प्रादेशिक संस्था, मुंबईत केईएम हॉस्पिटलला, तेच महाराष्ट्राचं सोट्टो, म्हणजे राज्याची संस्था पण आहे, आणि खाली चार झेडटीसीसी, म्हणजे विभागीय समन्वय केंद्रं, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. तुमचा रोजचा संबंध तुमच्या झेडटीसीसीशी. वेटिंग लिस्ट त्यांच्याकडे, कुठला अवयव कुठे जाणार ते तेच ठरवतात. हे डोक्यात पक्कं बसवा की पेशंट निवडणं तुमच्या हातात नाही, आणि ते नाही हेच तुमचं संरक्षण आहे. कोणी ओळखीचा येईल, आमच्या साहेबांच्या मेहुण्याला किडनी हवीय, बघा ना काही होतं का, म्हणेल, तेव्हा सरळ सांगायचं लिस्ट झेडटीसीसीकडे आहे, माझ्याकडे नाही. पैशाचं कोणी बोललं तर विषय तिथेच बंद करून वरिष्ठांना कळवा, अवयवांच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे.

आता खरं काम. ते आयसीयूच्या राउंडपासून सुरू होतं. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी ड्युटी बदलताना एकदा आयसीयूत चक्कर मारायचीच, कोणी बोलवायची वाट बघायची नाही. डॉक्टरांच्या आधी सिस्टरना कळतं. सक्शन करताना ट्यूब आत गेली तरी पेशंटला खोकला येत नाही, हे पहिल्यांदा लक्षात येतं ते सक्शन करणाऱ्या सिस्टरच्या, मग बाहुल्या मोठ्या झाल्यात आणि टॉर्च मारला तरी हलत नाहीत, मग अचानक युरिन बॅग भराभर भरायला लागते. म्हणून सिस्टरांशी नीट ओळख ठेवा, नाइटवाल्यांशी जास्त, त्यांना तुमचा नंबर पाठ असला पाहिजे. बहुतेक पेशंट डोक्याला मार लागलेले असतात, बाईकवाले, हेल्मेट नसलेले, किंवा मग बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव झालेले.

पण इथेच नवीन माणूस घाई करतो. असा पेशंट दिसला की लगेच नातेवाइकांकडे जायचं नाही. अजिबात नाही. अजून तो पेशंट आहे, त्याच्यावर उपचार चालू आहेत, आणि त्याच्या बायकोने तुम्हाला अवयवदानाचं आयकार्ड घालून कॉरिडॉरमध्ये फिरताना पाहिलं तर तिला वाटणार की यांनी आधीच ठरवलंय. या टप्प्यावर तुमचं काम एवढंच, ट्रीटिंग डॉक्टरांना विचारायचं की सर, ब्रेन स्टेम टेस्ट करायची का, आणि पॅनेलवरचे डॉक्टर कोण उपलब्ध आहेत ते बघून ठेवायचं.

ब्रेन डेडच्या सर्टिफिकेशनला, म्हणजे मेंदू गेलाय हे टेस्ट करून कागदावर ठरवायला, चार डॉक्टर लागतात. हॉस्पिटलचे प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतला एक स्वतंत्र तज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन, आणि ट्रीटिंग डॉक्टर. न्यूरोवाले मिळत नसतील तर यादीत मंजूर असलेले भूलतज्ज्ञ, इन्टेन्सिव्हिस्ट, फिजिशियन, सर्जन यांतले चालतात. ट्रान्सप्लांट टीममधलं कोणीही यात नसतं, आणि हे नातेवाइकांना आवर्जून सांगा, त्यांच्या मनातली अर्धी शंका तिथेच जाते. टेस्ट दोनदा होते, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. आधी बघतात की गुंगीची औषधं, अंग थंड पडणं, शुगर-सोडियमचा गोंधळ असं काही कारण नाही ना, मग बाहुल्या, डोळ्याची पापणी, खोकला, कानात थंड पाणी घालून डोळे हलतात का, आणि शेवटी ॲप्निया टेस्ट. ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात आणि पोट-छाती स्वतःहून हलते का बघतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 च्या वर गेला तरी एकही श्वास घेतला नाही तर टेस्ट पॉझिटिव्ह. हे सगळं फॉर्म 10 वर भरलं जातं. तुम्ही टेस्टच्या वेळी तिथे उभं राहा, एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पूर्ण बघा. कारण पुढे नातेवाईक विचारतात "नक्की का हो?", तेव्हा पाठ केलेलं वाक्य आणि बघितलेली गोष्ट यातला फरक त्यांना आवाजावरून कळतो. काही डॉक्टर तर मुद्दाम जवळच्या एखाद्या नातेवाइकाला टेस्ट बघायला आत घेतात, मला ही पद्धत फार योग्य वाटते. फॉर्मवर चारही सह्या, तारीख, वेळ, दोन्ही वेळचे एबीजी (रक्तातल्या वायूंचे रिपोर्ट) जोडलेत का ते तिथेच तपासा, डॉक्टर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) गेले की सहीसाठी दोन तास जातात.

आता कुटुंबाशी बोलणं. हे सगळं लिहिण्याचं मुख्य कारण हेच आणि माझ्या मते यातला एकच नियम बाकी सगळ्या नियमांच्या वर आहे, तो म्हणजे माणूस गेला हे घरच्यांना आधी कळू दे, आणि मगच अवयवदानाचा शब्द काढा. दोन्ही गोष्टी एका बैठकीत एका दमात सांगितल्या की ते दान मागणं राहत नाही, सौदा वाटतो. मृत्यूची बातमी डॉक्टरांनी द्यायची, तुम्ही नाही. तुम्ही बाजूला बसा, पाण्याची बाटली आणि टिश्यू जवळ ठेवा, आणि जागा आधीच बघून ठेवा, बंद दाराची खोली, सगळ्यांना बसायला खुर्च्या, कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या कधीच नाही. डॉक्टरांनाही आधी विनंती करून ठेवा की सर, "चान्सेस कमी आहेत" किंवा "मशीनवर जिवंत ठेवलंय" असं म्हणू नका, सर्टिफिकेशन झालंय, मृत्यू झालाय, तेच म्हणा. आपल्याकडे डॉक्टरांनाही हे बोलायला जड जातं म्हणून ते गोलगोल बोलतात आणि मग घरचे अर्ध्या आशेवर राहतात.

डॉक्टर गेल्यावर थोडा वेळ जाऊ द्या. तो किती ते घड्याळावर नाही, त्यांच्याकडे बघून ठरवा. मग माझं पहिलं वाक्य नेहमी प्रश्न असतो, "दादा, डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं?" आणि मग गप्प बसायचं. ते म्हणाले "सिरीयस आहे म्हणाले, बघू म्हणाले", तर तुम्ही अवयवदानाचं एक अक्षर बोलायचं नाही, उठायचं आणि डॉक्टरांना परत घेऊन यायचं. ते म्हणाले "गेला म्हणाले", तर तुम्ही बसू शकता. नंतर त्या माणसाबद्दल विचारा, काय करायचा, स्वभाव कसा होता. हे तंत्र म्हणून करू नका, खरंच ऐका, कारण पुढचा सगळा निर्णय "त्याला काय आवडलं असतं" यावरच होतो. कोणीतरी म्हणतंच की तो कुणाच्याही मदतीला धावायचा हो, गावात कुणाला रक्त लागलं की हा पहिला. मग साधं विचारायचं, "ताई, अशा वेळी काही घरं अवयवदानाचा विचार करतात. त्याबद्दल माहिती हवी असेल तर मी सांगते. नको असेल तरी काही हरकत नाही, आमच्याकडून तुमच्यासाठी जे करायचं ते आम्ही करणारच." बस एवढंच. आठ जणांचे प्राण वाचतील, तुमचा मुलगा दुसऱ्यांत जिवंत राहील, असली वाक्यं तुम्ही आधी फेकू नका, कुटुंबाला स्वतःहून तसं वाटलं तर ते त्यांचं आहे.

कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. सही यांच्यातल्याची. पण आपल्याकडे निर्णय बऱ्याचदा गावाहून निघालेल्या मोठ्या काकांच्या नाहीतर मामांच्या हातात असतो. समजा बायको तयार आहे, सही करते म्हणतेय, आणि थोरले दीर अजून रस्त्यात आहेत. थांबा. त्यांना येऊ द्या, त्यांना परत पहिल्यापासून सगळं सांगा, डॉक्टरांनाही परत बोलवा. कागद पूर्ण होईल हो तिच्या एकट्या सहीने, पण उद्या ती सासरी परत जाणार आहे, आणि दहाव्याला कोणी तिला म्हणालं की तूच कापाकापी करू दिलीस, तर तिच्या बाजूने बोलायला तिथे तुम्ही नसणार. एक अवयव हुकला तरी चालेल, पण ती एकटी पडता कामा नये, असं मी तरी मानते.

प्रश्न बहुतेक तेच ते येतात, उत्तरं तयार ठेवा पण खरी ठेवा. छाती हलतेय, अंग गरम आहे, मग मेला कसा? तर छाती मशीन हलवतंय, आणि ऑक्सिजन मिळतोय तोवर हृदय स्वतःच्या तालावर काही काळ चालतं, मेंदू मात्र गेलाय आणि तो परत येत नाही, कोमा वेगळा आणि हे वेगळं. हात किंवा पाय हलला तर? हे तर तुम्ही त्यांनी विचारायच्या आधी सांगा, पाठीच्या कण्यातून अशा हालचाली होऊ शकतात, नाहीतर मध्यरात्री बहिणीला बोट हललेलं दिसतं आणि सगळा विश्वास जातो. शरीर विद्रूप होईल का? नाही, ऑपरेशनसारखी चीर आणि टाके, नीट शिवून, पुसून देतात, आंघोळ घालता येते, दर्शन, अंत्यविधी सगळं नेहमीसारखं. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होईल का, हे पण विचारतात, त्यावर वाद घालायचा नाही, हसायचं तर मुळीच नाही, त्यांच्या घरातले जाणते, त्यांचे गुरुजी, मौलाना, फादर ज्यांना ते मानतात त्यांना फोन लावून द्या. बिल? होकार दिल्यानंतर अवयव टिकवण्याचा आणि काढण्याचा खर्च कुटुंबाकडून घेत नाहीत, आणि बिलिंगवाल्यांना हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा, कारण काउंटरवरच्या मुलाला माहीत नसतं आणि तो शेवटच्या दिवसाचं बिल त्या बापाच्या हातात ठेवतो. कोणाला मिळणार, भेटता येईल का? नाव-गाव सांगता येत नाही, दोन्ही बाजूंचं. आणि वेळ किती लागेल हे कमी करून सांगू नका. होकारापासून बॉडी मिळेपर्यंत बारा तास सहज जातात, कधी त्याहून जास्त. दोन तासांत होईल म्हणून सांगितलं की घरचे गावाकडे निरोप धाडतात, तिकडे लाकडं रचून लोक थांबतात, आणि मग पुढचे दहा तास तुम्ही खोटे ठरता.

नाही म्हणाले तर नाही. हात जोडायचे, "ठीक आहे काका" म्हणायचं, आणि त्यानंतरही पुढच्या कागदांसाठी त्यांच्यासोबत जायचं. होकार देणाऱ्यांइतकीच त्यांची सोबत करायची. "नाही" आलेल्या घरातले लोक पुढे दुसऱ्या कुणाच्या वेळी काय सांगतात ते तुम्ही आज त्यांच्याशी कसं वागलात यावर ठरतं.

हो म्हणाले की फॉर्म 8. कुठले अवयव, कुठले टिश्यू, प्रत्येक वेगळं विचारून लिहा, किडनी लिव्हर हो पण डोळे नाही असं असू शकतं, हृदय नको म्हणतात कधी कधी, तेही मान्य. पेशंटने जिवंतपणी फॉर्म 7 भरून अवयवदानाचं कार्ड काढलं असेल तर बोलणं सोपं जातं, तरी घरच्यांचा होकार घेऊनच पुढे जातात. आधार कार्डवरचं नाव, केसपेपरवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव एकच आहे का बघा, घरात पिंट्या आणि कागदावर प्रशांत असतो.

इथून पुढे घड्याळ सुरू. झेडटीसीसीला फोन, ब्लड ग्रुप, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, क्रिएटिनिन, लिव्हरचे रिपोर्ट, एक्सरे, टू-डी इको, क्रॉसमॅचचे (दात्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त जुळतं का बघायचे) सॅम्पल. ॲक्सिडेंटची केस असेल तर ती एमएलसी, म्हणजे पोलीस केस, तिला पोलिसांची एनओसी आणि पोस्टमॉर्टेम (पीएम) लागतं. ज्या हद्दीत अपघात झाला ते पोलीस स्टेशन कधी कधी दीडशे किलोमीटरवर असतं, म्हणून हा फोन सगळ्यात आधी लावा आणि फॉरेन्सिकवाल्या डॉक्टरांना पण लगेच कळवा, म्हणजे रिट्रीव्हल (अवयव काढणं) आणि पीएम एकामागोमाग एक लागून होतं आणि कुटुंबाला शवागाराबाहेर ताटकळत बसावं लागत नाही. सूर्यास्तानंतर पीएम होत नाही असं कोणी म्हणालं तर नोव्हेंबर 2021 चा केंद्राचा आदेश मोबाईलमध्ये सेव्ह असू द्या, सोयी असतील तिथे रात्रीही करता येतं आणि अवयवदानाच्या केसला प्राधान्य आहे.

दरम्यान आयसीयूत डोनरची काळजी ही पेशंटपेक्षा जास्त अवघड असते. मेंदू गेला की बीपी पडतं, लघवी लिटरने जाते, सोडियम चढतं, अंग थंड पडतं. औषधं डॉक्टर ठरवतात, पण दर तासाची युरिन, बीपी, सोडियम तुम्ही विचारत राहा. आणि सिस्टरना सांगा की उपचार थांबले नाहीत, वाढलेत, कारण "आता काय उरलंय" या भावनेने हात सैल पडतो आणि किडन्या तिथेच जातात.

कोणाला काय ते झेडटीसीसीकडून आलं की टीम यायला लागतात. ओटीची वेळ सगळ्यांच्या सोयीने ठरवायची असते आणि ती सारखी बदलते, एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना ठेवा, फोनवर वेगवेगळं सांगू नका. हृदय आणि फुप्फुसं साधारण चार ते सहा तास टिकतात, लिव्हर बारापर्यंत, किडनी चोवीस किंवा थोडं वर. म्हणून ओटीत क्रॉस क्लॅम्प लागला, म्हणजे अवयवांचा रक्तपुरवठा बंद केला, ती वेळ लिहून लगेच सगळ्या हॉस्पिटलांना कळवायची, हिशोब तिथून. आधी हृदय-फुप्फुसं निघतात, मग लिव्हर, किडन्या शेवटी. बॉक्सवर लेबल, ब्लड ग्रुप, डावी-उजवी किडनी, सोबतचे सॅम्पल, कागद, हे दोन माणसांनी मोठ्याने वाचून तपासायचं. ग्रीन कॉरिडॉरसाठी, म्हणजे ॲम्ब्युलन्सला रस्ता मोकळा मिळावा म्हणून, ट्रॅफिक कंट्रोलला निघायची अंदाजे वेळ आधी द्या आणि ड्रायव्हरचा नंबर, गाडी नंबर पण, आपले ट्रॅफिक पोलीस यात मनापासून साथ देतात.

सगळ्यांचं लक्ष बॉक्सकडे असतं तेव्हा तुमचं लक्ष ओटी टेबलाकडे हवं. बॉक्स गेल्यावर ओटी रिकामी व्हायला लागते, टीव्हीवाले गेटवर ॲम्ब्युलन्सच्या मागे धावत असतात, आणि बॉडी मात्र अजून आत आहे. टाके नीट पडलेत का, पट्टी ओली नाही ना, चेहरा पुसलाय का, केस सारखे केलेत का, हे स्वतः बघा. मनगटाचा धागा, गळ्यातलं, पायातली जोडवी ॲडमिशनला काढून ठेवलेली असतात, ती रजिस्टरवर सही घेऊन परत द्या. घरून कपडे आणायला सांगा, आणि घालायच्या आधी विचारा की तुमच्यात कोण घालतं, कसं घालतं. मीडियाला फोटो-नाव कुटुंबाने सांगितलं तरच, आणि तेही रिसिपियंटची (अवयव मिळालेल्या पेशंटची) ओळख जुळणार नाही इतपतच.

नंतरचं काम लोक विसरतात. मृत्यूच्या दाखल्यावरची वेळ आधी समजावून सांगा, ती दुसऱ्या ब्रेन स्टेम टेस्टची असते, हृदय थांबल्याची नाही, नाहीतर घरी वेगळा दिवस धरतात आणि कागदावर वेगळा निघतो. काही दिवसांनी फोन करा, बोलावंसं वाटत असेल तर ऐका, किडनी कशी चाललीय विचारलं तर कुणाचंही नाव न घेता जेवढं सांगता येतं तेवढं सांगा, आणि एखादा अवयव वापरता आला नसेल तर तेही लपवू नका. विम्यासाठी, अपघाताच्या क्लेमसाठी पीएम रिपोर्ट, एफआयआरची कॉपी, केसपेपर हे लागतंच, आणि ते कुठे मिळतं हे विचारायला त्या घराकडे हॉस्पिटलमधला फक्त तुमचाच नंबर असतो. म्हणून हे कागद कुठल्या खिडकीवर, कोणाकडे, किती दिवसांत मिळतात त्याची एक साधी यादी मराठीत टाईप करून ठेवा आणि बॉडी देतानाच घरातल्या एखाद्या शांत माणसाच्या हातात द्या.